सेवेन आणि कॉसच्या डोंगरवाटांवर धावायचं असेल तर: दक्षिण फ्रान्समधल्या ट्रेल रनिंगची सविस्तर तयारी

फ्रान्समध्ये डोंगरात धावायला जायचं म्हटलं की आपल्याकडचे बहुतेक रनर थेट शामोनीचा नकाशा उघडतात. मोंब्लाँचं आकर्षण मला समजतं. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला, त्यातही सह्याद्रीत धावून तयार झालेल्याला, मी आधी दुसराच भाग सुचवतो. माँपेलिए आणि नीम या शहरांच्या उत्तरेला, भूमध्य समुद्रापासून गाडीने दीड-दोन तासांवर मासिफ साँत्रालचा दक्षिण काठ आहे. पूर्वेला सेवेनच्या दऱ्या, पश्चिमेला 'कॉस' नावाची चुनखडीची पठारं आणि त्यांच्यामधून कापत गेलेल्या तार्न, झोंत, दुर्बी या नद्यांच्या घळी. उंची साधारण ३५० ते १७०० मीटर, म्हणजे विरळ हवेचा त्रास नाही. चढ खरे आहेत, वाटा शेकडो आहेत, आणि भरमोसम सोडला तर तासन् तास माणूस भेटत नाही. १९७० साली इथे सेवेन राष्ट्रीय उद्यान झालं. २०११ मध्ये मेंढपाळीने घडवलेला भूप्रदेश म्हणून कॉस आणि सेवेन युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

या भागात वाट निवडताना अंतर आणि चढ बघण्याआधी पायाखालचा दगड बघायचा. पन्नास-साठ किलोमीटरच्या टप्प्यात इथे तीन वेगळे दगड लागतात. कॉसवर चुनखडी, सेवेनच्या दऱ्यांत शिस्ट म्हणजे पापुद्र्यांचा दगड, आणि लोझेर डोंगरावर ग्रॅनाइट. पाणी मिळेल का, पाय कुठे घसरेल, सावली असेल का, वेग किती पडेल, या सगळ्याचं उत्तर त्या दगडात असतं. पुढची मांडणीही म्हणून दगडांप्रमाणेच केली आहे.

कधी जायचं

मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा सगळ्यांत चांगला. कॉसवर गवत हिरवं असतं, ऑर्किड फुललेली असतात, मेजाँ नावाच्या कॉसवर पिसांसारखं स्तिपा गवत वाऱ्यावर हलत असतं. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड राहतो, त्यामुळे दुपारची विश्रांती घेऊनही संध्याकाळी लांब पल्ला मारता येतो. जुलै-ऑगस्टमध्ये पठारावर झाड नाही, पाणी नाही आणि पारा ३५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा जायचंच असेल तर पहाटे सहाला निघून अकराच्या आत खाली या. वणव्याच्या धोक्यामुळे काही जंगलांत प्रवेश बंद करतात, तेही आदल्या दिवशी तपासा.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आणि ऑक्टोबर दिसायला अतिशय सुंदर असतात, पण तेव्हा दोन गोष्टींचं भान हवं. पहिली शिकार, तिच्याबद्दल पुढे. दुसरी पाऊस. शरद ऋतूत भूमध्य समुद्रावरची उबदार, दमट हवा सेवेनच्या भिंतीवर आदळते आणि काही तासांत महिन्याभराचा पाऊस ओतते. फ्रेंच लोक याला 'एपिझोद सेव्हनोल' म्हणतात. एगुआल डोंगराच्या पायथ्याच्या वालरोग गावात २९ सप्टेंबर १९०० रोजी ९५० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, त्यावरून अंदाज करा; आणि इथे ते पाणी अरुंद, खड्या दरीतून एकदम खाली येतं. म्हणून मेतेओ-फ्रान्स या फ्रेंच हवामान खात्याचा 'व्हिजिलाँस' हा इशाऱ्यांचा नकाशा रोज सकाळी उघडायचा. जिल्ह्यांचे क्रमांक लक्षात ठेवा: लोझेर ४८, गार ३०, आव्हेराँ १२, एरो ३४. जिल्हा नारिंगी किंवा लाल दिसला की दरीतली धाव रद्द. पिवळा असेल तर नदी ओलांडणारी वाट सोडून पठारावरची घ्या. वादळी विजांचा इशारा असेल तर पठारही नको.

हिवाळ्यात लोझेर आणि एगुआलवर बर्फ असतं, कधीकधी एप्रिलपर्यंत टिकतं. खालचे कॉस मात्र कोरड्या थंडीत छान धावता येतात.

कसं पोहोचायचं, कुठे राहायचं

पॅरिसहून जलद रेल्वेने माँपेलिए किंवा नीम गाठायला तीन ते साडेतीन तास लागतात. माँपेलिएहून मियो हे तार्नकाठचं शहर साधारण ११५ किलोमीटर, बसही आहे. मियोला रेल्वे स्टेशन आहे, पण गाड्या मोजक्याच. पुढच्या खेड्यांमध्ये जाणाऱ्या बस दिवसाला एक-दोन, रविवारी जवळजवळ नाहीतच. दोघे-तिघे असाल तर माँपेलिएहून गाडी भाड्याने घ्या; आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्या. ए-७५ महामार्ग मियोचा पूल सोडला तर टोलमुक्त आहे.

मुक्कामासाठी माझी पसंती अशी. चार-पाच दिवस असतील तर सगळे मियोला काढा: दुकानं, दवाखाने, औषधांची दुकानं, खेळाच्या सामानाची दुकानं सगळं आहे आणि गावातूनच वाटा सुटतात. आठवडा असेल तर अर्धा मियोला आणि अर्धा फ्लोराकला. फ्लोराक लहान आहे, पण राष्ट्रीय उद्यानाचं मुख्यालय तिथल्या किल्लेवजा वाड्यात आहे आणि मेजाँ, लोझेर, सेवेनच्या दऱ्या या तिन्हींकडे तिथून जाता येतं. वाटेवरच्या खेड्यांमध्ये 'झीत देताप' नावाच्या पथिकांच्या खोल्या असतात. एका खोलीत चार-सहा पलंग, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरून दर. फोन करून आधी जागा धरावी लागते. स्वतःची पातळ स्लीपिंग लायनर न्या.

नकाशा आणि खुणा

फ्रान्सच्या आयजीएन संस्थेचे १:२५,००० प्रमाणाचे नकाशे फार तपशीलवार असतात. त्यांचं ॲप फोनवर घ्या आणि लागणारा भाग ऑफलाइन उतरवून ठेवा. घळींमध्ये मोबाइलला रेंज नसते आणि उंच कड्यांमुळे घड्याळाचं जीपीएसही भरकटतं. ट्रॅक दोनशे मीटर बाजूला दिसला म्हणून वाट सोडू नका, आधी खूण शोधा.

खुणा सोप्या आहेत. पांढऱ्याखाली लाल पट्टा म्हणजे 'जीआर', लांब पल्ल्याची वाट. पिवळा पट्टा म्हणजे स्थानिक, बहुधा वर्तुळाकार वाट. पिवळ्याखाली लाल म्हणजे एखाद्या प्रदेशाला फेरी घालणारी वाट. त्याच रंगांची फुली दिसली तर ती दिशा चुकीची. पाच-सात मिनिटं धावून एकही खूण दिसली नाही तर मागच्या खुणेपर्यंत परत या.

वेळेचा हिशेब फ्रेंच रनर करतात तसा करा. दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर धरा आणि अंतरात मिळवा. १२ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ म्हणजे १८. त्या आकड्याला तुमच्या आरामशीर, सपाटीवरच्या वेगाने गुणा. सह्याद्रीत धावणाऱ्यांना चढ जड जात नाही; आपण कमी पडतो ते लांब, धावता येणाऱ्या उतारावर. इथे वाटा वळणावळणाच्या आहेत, एकेक उतार सहा-सात किलोमीटर चालतो आणि मांड्या तिथे भरतात. जाण्याआधी दोन महिने दर आठवड्याला एक सराव फक्त उताराचा ठेवा.

पहिला दगड: चुनखडी

कॉसवर पडलेला पाऊस थेट जमिनीत मुरतो. पठारावर ओढा नाही, झरा नाही. मेंढ्यांसाठी दगडी फरशी बसवलेली गोल तळी असतात, त्यांना 'लावोन्य' म्हणतात. दिसायला देखणी, पण ते पाणी माणसांनी प्यायचं नाही. म्हणजे जे प्यायचं ते खालून न्यायचं. थंडीत माणशी दीड लिटर, उन्हात दोन ते अडीच. गावातल्या नळावर 'ओ पोताब्ल' लिहिलेलं असेल तर पाणी पिण्याचं. मध्ये 'नाँ' शब्द आला तर नाही.

*मियो ते पुंशो दागास्त.* आल्याच्या दुसऱ्या दिवशी पाय मोकळे करायला हीच वाट. मियो साधारण ३६० मीटरवर आहे, तार्न नदीचा पूल ओलांडला की कॉस नुआरचा उतार सुरू होतो आणि वाट झाडीतून वळणं घेत ८३९ मीटरच्या टोकावर जाते. वर पॅराग्लायडर उड्या घेत असतात आणि समोर २००४ साली खुला झालेला, ३४३ मीटर उंचीचा मियोचा पूल दिसतो. शेवटच्या टप्प्यात घसारा आहे, उतरताना टाच रोवू नका, पावलं लहान ठेवा. कॉस नुआरवर पाइनची झाडं आहेत. हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात त्यांच्यावर पांढरी रेशमी घरटी दिसतात आणि केसाळ सुरवंट जमिनीवर एकामागे एक रांगेत चालतात. त्यांना हात लावू नका. केसांनी त्वचेला आणि डोळ्यांना फार त्रास होतो.

*ल रोझिए ते व्हाझ द सेव्र.* संपूर्ण प्रदेशात एकच वाट धावायची वेळ आली तर मी ही निवडेन. मियोपासून वीसेक किलोमीटरवर झोंत नदी तार्नला मिळते, त्या संगमावर ल रोझिए हे छोटं गाव आहे. गावातून वाट काप्लुकच्या सुळक्याकडे चढते, मग फ्राँबुतेय खिंडीतून मेजाँच्या कड्याला लागते. तिथून झोंतच्या बाजूची कड्याकडेची वाट घ्यायची. डावीकडे चुनखडीची भिंत, उजवीकडे चार-पाचशे मीटर खाली नदी, आणि पुढे फुलदाणीच्या आकाराचे दोन दगडी सुळके: व्हाझ द सेव्र आणि व्हाझ द शिन. पुढे वर पठारावर कासान्य वस्तीपर्यंत जायचं आणि तार्नच्या बाजूने फ्राँबुतेयला परत यायचं. साधारण बारा किलोमीटर, सहाशे मीटरच्या आसपास चढ. सिंहगडाच्या चढाएवढाच, फक्त जास्त अंतरावर पसरलेला.

यात धावण्याचे भाग आणि चालण्याचे भाग वेगळे आहेत. फ्राँबुतेयपर्यंतचा चढ जोरात चाला. कड्याकडेच्या वाटेवर, विशेषतः ओल असेल तेव्हा, अजिबात धावू नका. शतकानुशतकं पावलांनी घासलेली चुनखडी ओली झाली की काचेसारखी होते. पठारावर पोहोचलात की मोकळं धावा. काप्लुकच्या सुळक्यावर लोखंडी पायऱ्या आहेत. उंचीची भीती असेल तर तो फाटा सोडा, लूप त्याच्याशिवाय पूर्ण होतो.

आणि थांबा. थांबायलाच हवं असं ठिकाण आहे हे. या कड्यांमधून गिधाडं पूर्ण नाहीशी झाली होती. १९८१ मध्ये ग्रिफन गिधाडं इथे पुन्हा सोडायला सुरुवात झाली, नंतर काळी गिधाडंही आली. आज सकाळी दहाच्या सुमारास ऊन तापलं की अडीच मीटरहून मोठ्या पंखांची गिधाडं तुमच्या पायांखालून वर येतात आणि डोळ्यांच्या पातळीवरून जातात. खालच्या रस्त्यावर ल त्र्युएलजवळ त्यांच्यावरचं माहिती केंद्र आहे. त्यांची घरटी याच कड्यांत असतात. त्यामुळे कडेवर जाऊन ओरडणं, दगड ढकलणं, ड्रोन उडवणं यांतलं काहीही करू नका.

*मेजाँचं पठार.* सरासरी हजार मीटर उंचीवरचं हे गवताळ माळरान फ्रान्समधल्या सर्वांत विरळ वस्तीच्या भागांपैकी आहे. पेर्झ्युरे खिंडीजवळ नीम-ल-व्हिए नावाचा दगडांचा मोठा पसारा आहे. पाऊस-वाऱ्याने कोरलेल्या डोलोमाइटच्या खांबांमधून पाचेक किलोमीटरची खुणा केलेली वाट फिरते. नवख्या रनरला किंवा सोबत आलेल्या न धावणाऱ्या घरच्यांना ही उत्तम. पठारावरच्या ल व्हिलारे वस्तीजवळ १९९३ पासून प्रझेवाल्स्की जातीचे जंगली घोडे ठेवले आहेत; कुंपणाबाहेरून दिसतात.

*सँत-एनिमी ते सँ-शेली.* मेजाँवर मुरलेलं पाणी खाली घळीत झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. ते बघायचं असेल तर सँत-एनिमीचा पूल ओलांडून तार्नच्या डाव्या तीरावरची पाऊलवाट धरा. पाचेक किलोमीटरवर सँ-शेली गाव लागतं, जिथे गावाखालून धबधबे सरळ नदीत पडतात. तेवढं करून परत या. तंदुरुस्त असाल तर वाट पुढे ला मालेनपर्यंत जाते, एकूण साधारण तेरा किलोमीटर एका बाजूने, पण परतीच्या वाहनाची सोय आधी करून ठेवा. उजव्या तीरावरच्या डांबरी रस्त्यावरून धावत परत येण्याचा विचारही करू नका. अरुंद रस्ता, बोगदे आणि उन्हाळ्यात वाहनांची रांग.

*लार्झाक.* ला कुव्हेर्तुआराद या टेंप्लर म्हणजे मध्ययुगीन ख्रिस्ती लढवय्या संन्याशांच्या तटबंदीच्या गावाभोवती सपाट, दगडी, दहाएक किलोमीटरच्या वाटा आहेत. चढ नाही, त्यामुळे विश्रांतीच्या दिवसासाठी चांगल्या. ला काव्हालरीजवळ लष्करी तळ आहे आणि 'तेरँ मिलितेर' अशी पाटी दिसली की मागे फिरायचं. हा तळ वाढवण्याच्या सरकारी योजनेविरुद्ध इथल्या मेंढपाळ शेतकऱ्यांनी १९७१ ते १९८१ अशी दहा वर्षं अहिंसक लढा दिला आणि जिंकला. १९७२ मध्ये त्यांच्यासाठी ला काव्हालरीत उपोषणाला बसले ते लान्झा देल व्हास्तो. हे गांधीजींना वर्ध्याला येऊन भेटले होते आणि 'शांतिदास' हे नाव त्यांना गांधीजींनी दिलं होतं. माळावरून धावताना हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. ज्या कुरणांमधून आपली वाट जाते, ती त्या लढ्यामुळे कुरणं राहिली आहेत.

दुसरा दगड: शिस्ट

मेजाँवरून पूर्वेला उतरलं की सगळं बदलतं. दगड काळसर, चकाकणारा, पापुद्र्यांचा. दऱ्या खोल आणि चिंचोळ्या, उतारांवर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांची शेती, चेस्टनटची जुनी झाडं, आणि रेशीम-उद्योगाच्या काळातली तुती. सावली भरपूर. पण चढ निर्दयी, आणि शरदात वाटेवर चेस्टनटची काटेरी बोंडं व ओली पानं पसरतात. त्यांच्याखाली सुटा शिस्ट असतो. पोल्स म्हणजे चढ-उताराच्या काठ्या असतील तर इथे न्या.

*वालरोग ते एगुआल, 'चार हजार पायऱ्या'.* फ्रान्समधल्या चढांमध्ये माझा सगळ्यांत आवडता. गाव साधारण ३५० मीटरवर, माथा १५६७ मीटरवर, म्हणजे नऊएक किलोमीटरमध्ये बाराशे मीटर. सलग दोन सिंहगड. नावात पायऱ्या असल्या तरी दगडी जिना बहुतेक सुरुवातीलाच, गावातून बाहेर पडताना आहे. पुढे सोंडेवरची पाऊलवाट आहे. खाली चेस्टनट, मग झुडपी हीदर, मग बीचचं दाट जंगल, मग उघडा माथा. ते जंगल मुळात माणसांनी लावलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात अतिचराईने आणि लाकूडतोडीने हा डोंगर बोडका झाला होता, पुरात गावं वाहून जात होती. वनाधिकारी जॉर्ज फाब्र यांनी १८७५ पासून इथे पुन्हा झाडं लावायला घेतली. वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल फ्लाओ यांच्यासोबत त्यांनी उभं केलेलं ऑर द दिउ वृक्षोद्यान माथ्याच्या थोडंसं खाली, आपल्या वाटेवरच लागतं.

माथ्यावर १८९४ मध्ये पूर्ण झालेली हवामान वेधशाळेची किल्ल्यासारखी इमारत आहे. इथे पडलेल्या पावसातला काही भाग झोंतमधून तार्नला आणि पुढे अटलांटिकला जातो, काही एरो आणि गार्दाँमधून भूमध्य समुद्राला. खाली ऊन असलं तरी वर तापमान आठ-दहा अंशांनी कमी, आणि वारा जोराचा. विंडचीटर, हातमोजे आणि डोक्याला पट्टी हे मे महिन्यातही पाठीवर हवं. परतताना तीच वाट न घेता एस्पेरू वस्तीवरून उतरा. लूप वीस-बावीस किलोमीटरचा होतो. वरच्या हिशेबाने हे ३३-३४ किलोमीटरचं काम आहे. धुकं असेल तर माथ्याचा हट्ट सोडून ऑर द दिउवरूनच मागे फिरा.

तिसरा दगड: ग्रॅनाइट

लोझेर डोंगर म्हणजे गोल पाठीचा, मोकळा, शांत. माथा सोमे द फिनिएल, १६९९ मीटर. ग्रॅनाइटमध्ये पाणी मुरत नाही, म्हणून इथे झरे आहेत, ओलसर हिरवळी आहेत. तार्नचा उगमही याच डोंगरावर. पायाखाली भुसभुशीत वाळू आणि गवत, गुडघ्यांना सुख. फक्त काळसर, शेवाळी दलदलीत पाय घालू नका, त्या जपलेल्या आहेत आणि बूट घोट्यापर्यंत रुततो. झऱ्याचं पाणी गाळून प्या, कारण वरच्या बाजूला गुरं चरतात.

पाँ-द-माँव्हेर (८७५ मीटर) गावातून जीआर-७० ने फिनिएलच्या माथ्यावर जायला साधारण बारा किलोमीटर आणि सव्वाआठशे मीटर चढ. ही वाट १८७८ मध्ये गाढवासोबत हा प्रदेश चालत गेलेल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या स्कॉटिश लेखकाच्या नावाने ओळखली जाते. उतार सौम्य असल्यामुळे परतीचे बारा किलोमीटर जवळजवळ पूर्ण धावता येतात, आणि उताराच्या सरावाचं फळ इथे मिळतं. माथ्यावर झाडं नाहीत. धुक्यात वाट सापडावी म्हणून पूर्वीच्या लोकांनी ग्रॅनाइटचे उभे खांब रोवले आहेत, त्यांना 'माँझुआ' म्हणतात. एका खांबापासून पुढचा दिसेपर्यंत हलू नका. डोंगराच्या काही वस्त्यांमध्ये नुसत्या घंटेसाठी बांधलेले मनोरेही आहेत. हिमवादळात वाट चुकलेल्यांना आवाजाचा आधार मिळावा म्हणून ती घंटा तासन् तास वाजवत.

मेंढ्या, कुत्री आणि शिकारी

धावपटू पाहुणा आहे आणि मेंढपाळ घरचा, हे इथे कधी विसरू नये. मेंढ्यांच्या स्थलांतराच्या रुंद वाटांना 'द्राय' म्हणतात. आपण धावतो त्यांपैकी कित्येक मूळच्या द्रायच आहेत. कुंपणाचं दार उघडलं तर बंद करायचंच, मग पलीकडे कोणी दिसो वा न दिसो. काही कुंपणांत विजेची तार असते. तिच्या प्लॅस्टिकच्या मुठीला धरून ती सोडवायची आणि परत अडकवायची.

कळपासोबत पांढरी, मोठी 'पातू' कुत्री असू शकतात. ती मेंढ्यांबरोबरच वाढलेली असतात आणि अनोळखी, वेगाने येणारं काहीही त्यांना धोका वाटतं. कळप दिसला की दुरूनच धावणं थांबवा. चालत, लांबून वळसा घाला. पातू भुंकत आलं तर उभे राहा, पोल्स खाली करा, डोळ्याला डोळा देऊ नका, शांत आवाजात बोला. ते वास घेऊन, खात्री करून मागे जातं. मग हळूहळू कळपापासून दूर निघा. पळणं आणि दगड उचलणं या दोन गोष्टी कधीही करू नका.

शिकारीचा मोसम ढोबळमानाने सप्टेंबर ते फेब्रुवारी अखेर. रानडुकरांसाठी हाका घालतात तेव्हा वाटेवर 'शास आँ कूर' अशी पाटी लावतात. पाटी दिसली की दुसरी वाट घ्या. या महिन्यांत अंगात भडक नारिंगी काहीतरी असू द्या, इयरफोन काढून ठेवा, आणि शनिवार-रविवार सोडून आठवड्याच्या मधले दिवस निवडा. शिकारी भेटले तर 'बाँझूर' म्हणून कुठल्या वाटेने जाऊ ते विचारा. नीट सांगतात.

गवतातून धावल्यावर रात्री अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत गोचीड तपासा. त्यांच्यामुळे लाइम आजार होऊ शकतो. औषधांच्या दुकानात गोचीड काढायचा छोटा आकडा मिळतो, तो घ्या. उन्हात दगडांवर आस्प जातीचे विषारी सापही असतात. हात टेकण्याआधी बघा.

खाणं

दुकानं दुपारी बारा-साडेबारा ते दोन-अडीच बंद, रविवारी दुपारनंतर बंद आणि अनेक गावांत सोमवारीही बंद. लांब धावेचं खाणं आदल्या संध्याकाळी पाठीवर भरलेलं असावं. चेस्टनटची गोड पेस्ट ट्यूबमध्ये मिळते. महागड्या जेलपेक्षा ती मला जास्त मानवते. भारतातून चिक्की आणि खजूर न्या. पेढे, बर्फी, चीज असे दुधाचे पदार्थ सामानातून युरोपीय संघात नेता येत नाहीत, ते घरीच ठेवा.

शाकाहारी असाल तर झीतचं आरक्षण करतानाच सांगा आणि मासेही चालत नाहीत हे वेगळं सांगा. बटाटा आणि चीज घोटून केलेलं 'अलिगो' हे धावून आल्यावरचं स्वर्गीय जेवण आहे. बहुधा सॉसेजसोबत देतात, त्याशिवाय मागता येतं. सेवेनचे गोड कांदे आणि पेलार्दाँ नावाचं शेळीच्या दुधाचं चीज जरूर खा. रोकफोर याच भागातलं, पण ते पारंपरिकरीत्या प्राण्याच्या रेनेटने, म्हणजे जठरातून काढलेल्या विरजणासारख्या द्रव्याने करतात. कडक शाकाहाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पाठीवर काय, आणि अडचण आली तर

टोकाला जाड संरक्षण असलेले ट्रेल शूज, कारण चुनखडी बोटं फोडते. पाणी, शिट्टी, चकचकीत आपत्कालीन चादर, चिकटपट्टीचं बँडेज, हेडलॅम्प, पूर्ण चार्ज असलेला फोन, विंडचीटर, थोडे रोख युरो. एकटे असाल तर मुक्कामाच्या ठिकाणी वाटेचं नाव आणि परतीची वेळ लिहून ठेवा.

आपत्कालीन क्रमांक ११२. तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीचं असेल तर तो लागतो. वाटेचं नाव, जवळची वस्ती आणि फोनवर दिसणारे अक्षांश-रेखांश सांगा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा विमा लागतोच, पण त्यात डोंगरातलं धावणं आणि बचावकार्य धरलं आहे का ते विकत घेतानाच वाचा. अनेक स्वस्त पॉलिसींमध्ये ते वगळलेलं असतं.

शर्यत धावायची असेल तर

मियोमधला फेस्तिव्हाल दे ताँप्लिए दर ऑक्टोबरमध्ये होतो. १९९५ साली सुरू झालेली ही शर्यत फ्रान्समधल्या ट्रेल रनिंगची जुनी आणि मानाची शर्यत आहे. मुख्य अंतर साधारण ८० किलोमीटर, सोबत लहान अंतरंही असतात. पहाटेच्या अंधारात सुरुवात, घळीत उतरायचं, पठारावर चढायचं, पुन्हा उतरायचं. पहिल्या वेळी लहान अंतर निवडा. डांबरी चढाची आवड असेल तर लोझेरमध्ये १९७३ पासून भरणारी मार्व्हेझोल ते माँद ही जुलैमधली शर्यत बघा: २२ किलोमीटरहून थोडी जास्त, वाटेत दोन मोठे चढ.

फ्रान्समध्ये शर्यतीसाठी पूर्वी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागायचं. २०२४ पासून प्रौढ हौशी रनरना त्याऐवजी फ्रेंच ॲथलेटिक्स महासंघाच्या संकेतस्थळावरचा 'पेपेएस' हा आरोग्यविषयक छोटा अभ्यासक्रम पूर्ण करून मिळणारा क्रमांक द्यावा लागतो. त्याची मुदत मर्यादित असते, म्हणून शर्यतीच्या दिवशी तो चालू असेल याची खात्री करा. ताँप्लिएच्या आठवड्यात मियोतल्या खोल्या महिनोन् महिने आधी भरतात. नावनोंदणी पक्की झाली त्याच दिवशी मुक्काम धरा, तोही सुरुवातीच्या रेषेपर्यंत पहाटे चालत जाता येईल असा.